ना फेस, ना कडवटपणा: बिअरवाल्यापुढे सेल्ट्झर

पूर्णा जंक्शनच्या बिअरवाल्याची मागणी साधी असते: 650 मिलीची बाटली, स्ट्राँग आणि चिल्ड. त्याच्यापुढे अमेरिकेत गाजलेला हार्ड सेल्ट्झरचा डबा ठेवा. फसफसतं पाणी, साधारण 5 टक्के अल्कोहोल आणि आंब्याचा किंवा लिंबाचा नुसता वास. पहिल्या घोटालाच तो विचारेल, "यात काही टाकायचं राहिलं का, भाऊ?"

आधी हिशेब. 355 मिलीच्या डब्यात निव्वळ अल्कोहोल 18 मिलीसुद्धा भरत नाही. आपली स्ट्राँग 8 टक्क्यांपर्यंत जाते. तशा एका बाटलीत 52 मिली. बरोबरी करायला जवळजवळ तीन डबे लागले!

पण नाक मुरडू नका, हे बिअरच्याच घरातलं पोर आहे. इंग्लंडमधल्या लीड्स गावात जोसेफ प्रिस्टली नावाचा पाद्री बिअरच्या कारखान्याशेजारी राहायचा. 1767 च्या सुमारास त्याने आंबणाऱ्या बिअरच्या पिंपांवर साचलेला वायू पाण्यात मुरवला आणि पाणी फसफसलं. गोटी सोड्यापासून सेल्ट्झरपर्यंत सगळी मंडळी त्या पिंपांचं देणं लागतात.

दुसरं नातं तर थेट आपल्या शिवारातलं. बऱ्याच सेल्ट्झरमधलं अल्कोहोल उसाची साखर आंबवून करतात. यीस्ट साखर फस्त करतं, मग गाळून गाळून रंग आणि चव काढून टाकतात. (एवढ्या खटाटोपाने चव घालवायची, आणि वर वासाचे दोन थेंब टाकायचे, हे मला अजून पटलेलं नाही.) आपल्या नदीचं नाव लावणारा पूर्णा सहकारी साखर कारखाना शेजारी वसमतला आहे, म्हणजे कच्च्या मालाची चिंता नको. आंबवलेलं म्हणून अमेरिकेत या पाण्यावर करही बिअरचाच बसतो.

पाण्यावरून आठवलं. पूर्णेहून मनमाडकडे जाणारी गाडी ज्या छत्रपती संभाजीनगरावरून जाते, तिथे बिअरचे मोठे कारखाने आहेत. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी आधी 50, मग 60 टक्के कापायला लावलं होतं. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेने आलं.

तिकडे त्याच वर्षी व्हाइट क्लॉ नावाचं सेल्ट्झर बाजारात उतरलं. 2019 मध्ये त्याचा अमेरिकाभर तुटवडा पडला. दोन वर्षांत वारं फिरलं: ट्रूली नावाचं सेल्ट्झर बनवणाऱ्या बोस्टन बिअर कंपनीला न खपलेले लाखो खोके नष्ट करायची पाळी आली.

माझा निकाल? डब्यात कॅलरी शंभराच्या आसपास, तेव्हा पोटाचा घेर मोजणाऱ्यांनी सेल्ट्झर खुशाल घ्यावं. झणझणीत मटणापुढे मात्र ते टिकत नाही. तिथे बिअरच हवी.