एका बैठकीत वाचून संपवली

वाचकांच्या छोटेखानी अभिप्रायांत काही वाक्यं ठरलेली असतात. 'एका बैठकीत वाचून संपवली', 'अंतर्मुख करणारी कादंबरी', 'संग्रही असायलाच हवी'. लग्नपत्रिकेतल्या 'आमचे येथे श्रीकृपेकरून'सारखी ती येतात आणि कुणाचं लक्ष जात नाही. गंमत असते त्यापुढच्या ओळीत. असलीच तर.

मनोज बोरगावकरांची 'नदीष्ट' ग्रंथालीने 2019मध्ये काढली. नांदेडची गोदावरी, तिच्यात पोहायला उतरणारा निवेदक आणि काठावर भेटणारी माणसं, एवढाच तिचा ऐवज. तिच्याबद्दल लिहायला बसलेला वाचक हटकून आपल्या गावच्या नदीवर जाऊन पोचतो: डोह कुठे होता, पोहायला कुणी शिकवलं, वाळू कधी उपसली. समीक्षकाच्या लेखी हे विषयांतर. पण कादंबरी वाचकाला कुठवर घेऊन गेली, याचा याहून चोख पुरावा कुठला?

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला 2023चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेलं गाव आणि मागे राहून रानटी झालेल्या म्हशी हा तिचा विषय. शहरी वाचक प्रामाणिक असेल तर कबूल करतो की सुरुवातीची पानं बोलीशी झटापट करण्यात गेली, मग लय सापडली. पुढच्या वाचकाला ही एक ओळ 'अस्सल ग्रामीण बाज' या शिक्क्यापेक्षा कितीतरी कामाची. नंदा खरे यांची 'उद्या' तर असल्या कबुलीजबाबांसाठीच जन्मलेली. अकादमीचा 2020चा पुरस्कार खऱ्यांनी नाकारला, ही बातमी अभिप्रायांत सापडते. पात्रांची गर्दी झेपली की नाही, हे मात्र बरेच जण गुलदस्त्यात ठेवतात.

असं रोखठोक टिपण कसं लिहावं, याचा वस्तुपाठ सतीश काळसेकरांनी घालून दिला आहे. कवी असूनही त्यांना 2013चा अकादमी पुरस्कार मिळाला तो 'वाचणाऱ्याची रोजनिशी'साठी, म्हणजे मासिक सदरातल्या वाचननोंदींसाठी. निवाडा देण्याची घाई नाही; एका पुस्तकाचं बोट धरून दुसऱ्याकडे जाणं आहे.

कवितेपाशी मात्र ही सगळी मंडळी एकदम मुकी होतात. अनुराधा पाटील यांचा 'कदाचित अजूनही' घ्या, नाहीतर कल्पना दुधाळ यांचा 'सिझर कर म्हणतेय माती'. कादंबरीचं कथानक तरी सांगता येतं. इथे 'मनाला भिडणाऱ्या कविता' म्हणून वाचक हात झटकतो. दुधाळ स्वतः शेतीत राबणाऱ्या. मातीने सिझर मागणं ही शीर्षकातली एवढी थेट, अंगावर येणारी प्रतिमा. तिच्यावर दोन वाक्यं लिहायला काय हरकत होती? उलट ग्रंथालयातून आणलेला संग्रह पाहावा: एखाद्याच कवितेपाशी पानाचा कोपरा दुमडलेला, समासात पेन्सिलीची उभी रेघ आणि तिच्या शेजारी कुणीतरी, बहुधा ग्रंथपालाच्या धाकाने, अर्धवट खोडलेलं एक 'हो'.