नव्या यंत्रात नवे काय? – घरगुती एस्प्रेसो यंत्राची एका पेढीने घेतलेली परीक्षा

‘नवीन, सुधारित’ असे शब्द ज्या खोक्यावर छापलेले असतात, ते खोके उघडण्यापूर्वी व्यापाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा : सुधारणा नेमकी कोठे झाली आहे, वस्तूत की खोक्यावर? आमच्या वडिलांना घरात आणि पेठेत सर्वजण अण्णा म्हणतात. भांड्यांच्या व्यवसायात ५५ वर्षे घालवल्यानंतरही हा प्रश्न विचारण्यास ते विसरत नाहीत. गेल्या वर्षी हाच प्रश्न त्यांनी आपल्या नातीला विचारला. त्याच्या उत्तरासाठी आमच्या सांगलीच्या घरात महिनाभर जी परीक्षा चालली, तिची हकीकत वाचकांपुढे ठेवत आहे.

माझी पुतणी मिलान येथील शिक्षण पूर्ण करून परतली, तेव्हा तिच्या सामानात एक जड खोके होते. त्यात ‘गॅजिया क्लासिक ई-२४’ हे घरगुती एस्प्रेसो यंत्र होते. तिचा विचार स्पष्ट होता. पितळी समया, स्टीलचे डबे आणि कुकर यांच्या जोडीला पेढीवर एक फळी अशा कॉफी यंत्रांची असावी व ती तिने सांभाळावी. अण्णांनी नकार दिला नाही. मात्र घराण्याचा जुना नियम सांगितला. “जी वस्तू आपल्या स्वयंपाकघरात महिनाभर वापरली नाही, ती आपल्या फळीवर ठेवायची नाही. आणि बाळ, तुझ्या काकाकडे याच जातीचे जुने यंत्र आहेच. दोन्ही शेजारी ठेव. नव्यात नवे काय, ते मला समजावून सांग.”

मी २०१९ मध्ये घेतलेले ‘क्लासिक प्रो’ हे त्याच यंत्राचे आधीचे रूप. अशा रीतीने एकाच ओट्यावर एका घराण्याच्या दोन पिढ्या उभ्या राहिल्या.

मिलानचा वारसा

वाफेच्या बळावर कॉफी काढण्याच्या यंत्राचे पेटंट तुरीनच्या अँजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये घेतले. १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी एकेका ग्राहकासाठी ताजा कप काढून देणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. परंतु वाफेचा दाब तोकडा पडे आणि कॉफीला करपट चव येई. मिलानमध्येच उपाहारगृह चालवणाऱ्या अकिले गॅजिया यांनी १९३८ मध्ये वाफेऐवजी केवळ गरम पाणी दाबाने भुकटीतून सोडण्याची युक्ती नोंदवली. युद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, त्यांची दांड्याने चालणारी यंत्रे बाजारात आली आणि कपावर प्रथमच दाट सोनेरी फेस दिसू लागला. त्यालाच इटालियन लोक ‘क्रेमा’ म्हणतात. पुढे १९६१ मध्ये फाएमा या कंपनीच्या ‘ई-६१’ यंत्राने दांड्याची जागा विजेच्या पंपाला दिली.

गॅजियाचे ‘क्लासिक’ हे घरगुती यंत्र १९९१ चे. या दीर्घ काळात त्याची बाह्य आकृती फारशी बदलली नाही. आतील अंगे मात्र बदलत गेली, आणि प्रत्येक बदल पुढचेच पाऊल होता असे नाही. २०१५ च्या आवृत्तीत कॉफी काढून झाल्यावर उरलेला दाब सोडून देणारी विद्युत झडप काढून टाकण्यात आली होती. २०१८-१९ मध्ये ती परत आली. नंतरचे आवृत्तिवर्ष म्हणजे अधिक चांगली वस्तू, हे समीकरण व्यापाऱ्याने डोळे मिटून मानू नये, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पितळ आणि ॲल्युमिनियम

अण्णांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर त्यांच्याच जिव्हाळ्याचे निघाले. यंत्राच्या पोटात पाणी तापवणारा एक इवलासा बंब असतो. जुन्या यंत्रात तो ॲल्युमिनियमचा आहे, नव्यात पितळेचा. हे ऐकताच अण्णांनी चष्मा पुसला.

भांड्यांच्या व्यापाऱ्यास या दोन धातूंचा स्वभाव शिकवावा लागत नाही. ॲल्युमिनियम हलके, त्याची घनता २.७, तर पितळेची सुमारे ८.५. ॲल्युमिनियममधून उष्णता पितळेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पसरते, म्हणून ते लवकर तापते. परंतु सारख्याच आकारमानाचे दोन तुकडे घेतले, तर पितळ सुमारे एक तृतीयांश अधिक उष्णता धरून ठेवते. जाड बुडाच्या पातेल्यात दूध एकदम उतू जात नाही, तसेच येथे घडते. थंड पाणी आत आले तरी पितळी बंबाचे तापमान कमी डळमळते.

अण्णांनी लगेच विचारले, “पितळ आहे, मग कल्हई कोठे आहे? आंबट वस्तू पितळेत कळकते.” प्रश्न रास्त होता, कारण कॉफी स्वभावतः आम्लच. पुतणीने उत्तर दिले, “अण्णा, बंबात फक्त पाणी असते. कॉफी त्याच्या खालच्या चाळणीत तयार होते आणि तेथूनच कपात उतरते. शिवाय हे पितळ शिसेविरहित आहे.” कातकाम सोपे व्हावे म्हणून पितळेत थोडे शिसे मिसळण्याची पद्धत आहे, पिण्याच्या पाण्याशी संबंध येतो तेथे ते नसणे महत्त्वाचे. या उत्तराने अण्णांचे समाधान झाले.

नऊ बारचे गणित

दुसरा बदल डोळ्यांना दिसत नाही. हवेचा आपल्यावर असणारा दाब साधारण एक बार. एस्प्रेसोसाठी त्याच्या नऊपट दाब योग्य मानला जातो. इटलीतील राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेने घालून दिलेले प्रमाणही तेच आहे : सुमारे ७ ग्रॅम भुकटी, ९ बार दाब, सुमारे ८८ अंश सेल्सियसचे पाणी, २५ सेकंद आणि कपात २५ मिलिलिटर कॉफी.

मग अनेक खोक्यांवर ‘१५ बार’ असे ठळक अक्षरांत का लिहिलेले असते? तो पंपाच्या ताकदीचा आकडा आहे, कपाच्या गुणवत्तेचा नव्हे. दाब प्रमाणाबाहेर गेला की भुकटीचा थर नको तितका आवळला जातो, पाणी त्यातील एखादी फट शोधून तेथूनच वाहते आणि एकाच कपात आंबट व कडू असे दोन्ही दोष उतरतात. जादा दाब परतवून लावण्यासाठी यंत्रात एक झडप असते आणि ती एका लहानशा स्प्रिंगवर चालते. जुन्या ‘प्रो’मध्ये ही झडप कारखान्यातूनच ९ बारच्या बऱ्याच वर जुळवलेली असे. २०२३ च्या ‘इव्हो प्रो’पासून ती ९ बारला जुळवून येऊ लागली.

आता यातील व्यवहाराची गोष्ट पाहा. ही स्प्रिंग अल्प किमतीत सुटी मिळते. यंत्राची वीज तोडून, वरचे झाकण काढून जाणत्या कारागिराला ती सहज बदलता येते. अर्थात यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर आधी विक्रेत्यास विचारावे. नव्या यंत्राच्या दोन मोठ्या सुधारणांपैकी एक अशा रीतीने जुन्या यंत्राला जवळजवळ फुकटात लाभते. आम्ही माझ्या यंत्राची स्प्रिंग बदलली आणि मगच खरी तुलना सुरू केली.

महिनाभराचा अनुभव

दोन्ही यंत्रांना चिकमंगळूरच्या एकाच मळ्यातील बिया, एकच ग्राइंडर आणि एकच काटा. आधुनिक पद्धतीप्रमाणे १८ ग्रॅम भुकटीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी, असे प्रमाण ठरवले. कोणता कप कोणत्या यंत्राचा, हे फक्त माझ्या पत्नीस ठाऊक असे.

पहिल्या कपाबाबत घरातील कोणासही ठामपणे फरक सांगता आला नाही. पाहुणे आले आणि लागोपाठ चार-पाच कप काढावे लागले, तेव्हा मात्र पितळेचा गुण जाणवला. नव्या यंत्राचे शेवटचे कप पहिल्यासारखेच उतरत होते. जुन्यावर दोन कपांच्या मध्ये थोडे थांबावे लागे. उलट सकाळच्या घाईत जुने यंत्र आधी सज्ज होई. दिवा लागला म्हणजे यंत्र तयार झाले, असे मात्र दोन्हींबाबत समजू नये. खालचा जड भाग व हँडल पूर्ण तापण्यास पंधरा-वीस मिनिटे द्यावीत.

दुधाच्या कॉफीची आवड असलेल्यांनी एक मर्यादा लक्षात घ्यावी. कॉफी आणि वाफ दोन्ही एकाच लहान बंबातून मिळतात. म्हणून आधी कॉफी काढावी, मग वाफेचे बटण दाबून थांबावे आणि दूध फेसाळावे. त्यानंतर थोडे पाणी सोडून बंब निववावा. अन्यथा पुढचा कप करपट लागतो. तापमानाचा आकडा दाखवणारी व काटेकोर राखणारी इलेक्ट्रॉनिक सोय नव्या आवृत्तीतही नाही. चार-पाच माणसांच्या घरास हे यंत्र पुरते. दुकानाच्या दारात कॉफीचा गाडा लावण्याचा विचार असेल, तर हे यंत्र त्या कामाचे नव्हे.

यंत्राबाहेरच्या चार गोष्टी

महिनाभरात सर्वांत मोठा धडा मिळाला तो यंत्राबाहेरचा.

पहिली गोष्ट दळणाची. सुरुवातीच्या काळात मी फिल्टर कॉफीची तयार भुकटी वापरत असे. ती एस्प्रेसोसाठी जाड पडते. पाणी दहा सेकंदांत भसकन निघून जाते. यंत्रासोबत दुहेरी तळाची एक चाळणी मिळते. ती अशा भुकटीलाही फेस आणून देते, पण तो फेस केवळ दिसण्यापुरता. चिकोरी मिसळलेली भुकटी तर घालूच नये. बारीक व एकसारखे दळणारा ग्राइंडर आणि दशांश ग्रॅम दाखवणारा काटा यांवर केलेला खर्च पितळी बंबावरच्या खर्चापेक्षा कपात अधिक उतरतो, असे आमचे ठाम मत झाले आहे.

दुसरी गोष्ट बियांची. इटली हा भारतीय कॉफीचा मोठा ग्राहक आहे आणि तेथील अनेक मिश्रणांत दाट क्रेम्यासाठी आपला रोबस्टा वापरला जातो. तेव्हा इटालियन डबा मागवण्याचा अट्टाहास नसावा. भाजल्याची तारीख छापलेल्या ताज्या भारतीय बिया घ्याव्यात आणि भाजल्यानंतर आठवडाभराने वापरण्यास काढाव्यात.

तिसरी गोष्ट पाण्याची. पहिले वर्षभर मी बोअरचे पाणी बेधडक यंत्रात ओतले. बंबाच्या तळाशी बसतो तसा पांढरा थर आत साठला आणि धार बारीक झाली. दोष यंत्राचा नव्हता, माझा होता. जड पाणी वापरू नये; मात्र क्षार अजिबात नसलेल्या पाण्यात कॉफीची चवही उतरत नाही. मध्यम पाणी उत्तम. अधूनमधून लिंबूफुलाच्या सौम्य द्रावणाने यंत्र साफ करावे, परंतु ते द्रावण आत फार वेळ ठेवू नये. ॲल्युमिनियम असो वा पितळ, आम्ल दोघांचेही मित्र नाही.

चौथी गोष्ट विजेची. युरोपातील यंत्र आपल्या २३० व्होल्टवर चालते, पण त्याची पिन आपल्या सॉकेटमध्ये नीट बसत नाही. आम्ही प्रथम साधा जोड वापरला. त्यात अर्थिंग नाही हे पाहून वायरमनने आमची चांगलीच कानउघाडणी केली आणि १६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग बसवून दिला. पाणी आणि वीज जेथे एकत्र येतात, तेथे ही काटकसर करू नये. अमेरिकेतील आप्तांकडून यंत्र मागवण्याचा मोहही टाळावा. तेथील १२० व्होल्टचे यंत्र येथे उपयोगाचे नाही.

पेढीचा निर्णय

महिना संपल्यावर पुतणीने आपला जबाब अण्णांपुढे ठेवला. प्रथमच यंत्र घेणाऱ्याने पितळी बंबाचे नवे यंत्र घ्यावे. धातू चांगला, दाब योग्य आणि बांधणी दुरुस्त करता येण्याजोगी. ज्याच्याकडे ‘प्रो’ सुस्थितीत आहे, त्याने ते बदलू नये; स्प्रिंग बदलावी आणि उरलेल्या पैशांत ग्राइंडर घ्यावा. अण्णांनी फळी मंजूर केली. अट एवढीच की हेच शब्द प्रत्येक गिऱ्हाइकास सांगितले जावेत.

त्या अटीची कसोटी लवकरच लागली. फळी लागून आठ दिवसही झाले नव्हते. एक सद्गृहस्थ आले. त्यांच्याकडे जुने यंत्र होते आणि नवे घेण्याचा निश्चय करूनच ते आले होते. पैसेही तयार होते. तोवर एकही यंत्र विकले गेले नव्हते. पुतणीने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. मग तिने त्यांना बसवून घेतले, कॉफी कशी दळता, पाणी कोणते वापरता, हे विचारले आणि शेवटी एक स्प्रिंग कागदाच्या पुडीत बांधून दिली.

रात्री रोजमेळ पाहताना अण्णांचे बोट त्या नोंदीवर थांबले. “एवढीच विक्री?” त्यांनी विचारले. तिने घडले ते सांगितले. अण्णांनी वही मिटली आणि म्हणाले, “यंत्र आज ना उद्या विकले जाईलच. आज गिऱ्हाईक जोडलेस.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला गल्ल्यावर बसवले.