थरथरणारा नांगर आणि जमिनीखालच्या वायरी

अमेरिकेत मे महिना उजाडला, की इथल्या मराठी मंडळींच्या अंगात शेतकरी संचारतो. गावाबाहेर एकर-दीड एकराची जागा घेतलेल्यांना बागेत स्प्रिंकलरचे पाइप टाकायचे असतात, कुणाला मागच्या शेडपर्यंत इंटरनेटची केबल न्यायची असते. मजुरी महाग. मग शनिवारी यंत्र भाड्यानं आणायचं आणि रविवारी परत द्यायचं, असा बेत ठरतो. मी मिडवेस्टमध्ये केबल टाकणाऱ्या एका कंत्राटदाराकडे काम करतो. त्यामुळे या दिवसांत मंडळाच्या ग्रुपवर हमखास विचारणा होते, "दादा, लोडरला लावायचा तो व्हायब्रेटरी प्लाऊ चालवायला सोपा असतो ना?"

सोपा असतो, आणि धोका नेमका तिथेच आहे.

हा नांगर माती उलटत नाही. त्याचं उभं पातं वेगानं खाली-वर थरथरतं, जमिनीला फट पाडतं आणि मागून पाइप किंवा केबल ओढून घेतं. चर खणावा लागत नाही, हिरवळ फारशी बिघडत नाही. पण चर खणताना खालची वायर निदान दिसण्याची शक्यता असते. इथे काहीच दिसत नाही. पातं गॅसच्या पाइपला लागलं, तर ते लागल्यावरच कळतं.

म्हणून पहिलं काम फोनचं. देशभर ८११ हा क्रमांक आहे, सेवा फुकट आहे. राज्याप्रमाणे साधारण दोन-तीन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं, म्हणजे शुक्रवारी रात्री आठवण होऊन उपयोग नाही. माणसं येऊन रंगानं खुणा करतात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी टेलिफोन-इंटरनेट, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. खुणेच्या दोन्ही बाजूंना राज्यानं ठरवलेल्या अंतरात, बऱ्याच ठिकाणी दीड ते दोन फूट, यंत्र घालायचं नाही. तिथे फावड्यानं, हळू हाताने उकरायचं.

इथे एक गोम आहे. या खुणा सहसा मीटरपर्यंतच्याच असतात. मीटरच्या पुढचं सगळं तुमचं खासगी. आमच्या एका मित्राच्या अंगणात सगळ्या खुणा झाल्या होत्या, तो निर्धास्त होता. मी विचारलं, "अरे, गॅरेजमधला हीटर कशावर चालतो?" टाकीतून गॅरेजकडे गेलेला गॅसचा पाइप आधीच्या मालकानं टाकलेला, आणि तो अगदी नांगराच्या वाटेत. खासगी लाइन शोधणाऱ्याला पैसे देऊन बोलावलं, वाट चार फूट सरकवली. घरात दोन लहान मुलं आहेत. ते पैसे गेले असं त्याला आजही वाटत नाही.

आता जोडणी. नांगर लोडरला लावल्यावर दोन्ही बाजूंच्या लॉक पिना पूर्ण बसल्यात का, हे खाली उतरून डोळ्यांनी बघा. हायड्रॉलिक नळ्या लावण्या-काढण्याआधी इंजिन बंद करून दाब सोडा. गळती बोटानं कधीच तपासू नका, पुठ्ठा धरा. सुईएवढ्या भोकातून येणारं तेल कातडी भेदून आत जातं. तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा.

चालवताना सीटबेल्ट हवाच. या जोडणीत बहुधा लोडर उलटा चालवून नांगर ओढायचा असतो, म्हणून नजर मागे ठेवा आणि पोरंबाळं, कुत्री घरात. पातं जमिनीत असताना झटक्यात वळायचं नाही आणि दिशा उलटवायची नाही. पातं वाकतं, पाइप तुंबतो. विजेच्या तारेला लागलं तर यंत्रावरून उतरू नका, इतरांना लांब थांबवा आणि ९११ लावा. गॅसचा वास आला तर लगेच जमत असेल तरच इंजिन बंद करा, सगळ्यांना घेऊन दूर जा आणि मग फोन करा.

काम संपलं, की सगळे घाईत असतात, आणि ट्रेलरचे अपघात तेव्हाच होतात. नांगर डावी-उजवीकडे झुलणारा असेल तर वाहतुकीची पिन लावा. लोडर नेताना जोडणी जमिनीला लागणार नाही इतकीच उचला. चढावर आणि रॅम्पवर जड बाजू वरच्या अंगाला हवी. कुठली बाजू जड, ते पुस्तिकेत बघा. ट्रेलरवर नांगर पूर्ण खाली टेकवा, चारही कोपऱ्यांना साखळ्या बांधा आणि नांगराला वेगळी. साखळ्यांची एकूण क्षमता किमान यंत्राच्या निम्म्या वजनाची असावी, असा इथला नियम आहे. वजन थोडं पुढे ठेवा. मागे गेलं, तर ट्रेलर गाडीला हलवू लागतो. मैलभर गेल्यावर थांबून साखळ्या पुन्हा ओढून बघा.

तिकडच्या वाचकांनाही हे परकं नाही. जेसीबीनं केबल तोडली आणि गल्लीतलं नेट गेलं, हे प्रत्येकानं अनुभवलंय. भारतातही २०२३ मध्ये खोदण्याआधी कळवण्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी अॅप सुरू झालं आहे. देश कुठलाही असो, खोदण्याआधी विचारायला फार तर दोन-तीन दिवस जातात. यंत्राचं भाडं पुढच्या शनिवारीही तेवढंच असतं.