दुसऱ्या बाळाचा पाळणा

दुसरे बाळ येणार म्हटले, की माळ्यावरचा जुना पाळणा खाली उतरतो. जुना पाळणा चालेल, पण तो पारखून घ्यावा.

बाळ निदान पहिले सहा महिने आईच्याच खोलीत, तिच्या हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या अंथरुणावर उताणे निजवावे. पाजायला सोपे जाते, आणि कापणीच्या दिवसांत दमून गाढ झोपलेल्या आईबापांचे अंग बाळावर पडण्याची भीती राहत नाही. थोरल्या भावंडाला शेजारी निजवू नये; त्याने मायेने ओढलेली गोधडी बाळाच्या नाकातोंडावर येते.

पाळण्याचा तळ सपाट व घट्ट असावा. झोळीत मान वाकून हनुवटी छातीला टेकते व श्वास अडतो. म्हणून रात्री झोळी नको. गजांतील अंतर 6 सें.मी.हून अधिक नसावे. उशी, लोड, सुटे पांघरूण आत ठेवू नये. टांगता पाळणा रात्री बांधून स्थिर करावा.

मग थंडीचे काय? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला गावातल्या बायांना शिकवले. त्यांच्या सामानात उबेसाठी बाळाची झोपपिशवीही होती. या साऱ्या कामाने नवजात मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले, असे त्यांच्या 1999 सालच्या अहवालात आहे. आपणही सुटी गोधडी न घालता बाळाला अंगभर कपडे घालावेत.

शेतकऱ्याच्या घरी आणखी एक पाहावे. फवारणीचे औषध सांडलेला पाळणा वापरू नये आणि खताच्या गोणीची गादी करू नये. बाळ कुशीवर वळू लागले, की बुटका पाळणा बदलावा.