वळवाचा वारा आणि विमान

वळीव कोसळण्यापूर्वी सुटणारा गार वारा खेड्यातून आलेल्या आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पावसाचा थेंबही पडलेला नसतो; पण अंगणात धूळ उडते आणि वाळत घातलेले धान्य आवरण्याची एकच धांदल उडते. हा वारा येतो कोठून, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्याचे उत्तर मिळाले ते एका विमान-अपघाताविषयी वाचताना.

२ ऑगस्ट १९८५ रोजी डेल्टा कंपनीचे ट्रायस्टार विमान १६३ माणसांसह अमेरिकेतील डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर उतरत होते. वाटेत वादळी ढग होता. त्यातील वीजही वैमानिकांना दिसली होती. पण पुढचे विमान त्याच वाटेने नुकतेच सुखरूप उतरले होते. हे विमान मात्र धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आले, हमरस्त्यावरील मोटारीला धडकले आणि पाण्याच्या टाक्यांवर आदळले. मोटारचालकासह १३७ माणसे मृत्युमुखी पडली.

असे का व्हावे? वादळी ढगातून पावसाबरोबर गार, जड हवा वेगाने खाली कोसळते. फरशीवर घागर उपडी केली की पाणी जसे चहूकडे पसरते, तशी ही हवा जमिनीला टेकताच सर्व दिशांना धावते. आपल्या अंगणातला वारा तो हाच!

विमान या वाऱ्यात शिरले की तो प्रथम समोरून येतो. पंखांवरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो व विमान वर उचलले जाते. साहजिकच वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो. मध्यावर येताच वरची हवा विमानाला खाली दाबते आणि पलीकडे तोच वारा पाठीमागून येतो. पंखांना आधार उरत नाही. इंजिनाला पुन्हा पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात. जमीन जवळ असताना तेवढी सवड नसते. वारा आधी मदत करतो आणि मग घात करतो, हेच यातले भयंकर!

हे कोडे उलगडले ते मूळचे जपानी शास्त्रज्ञ टेट्सुया फुजिता यांनी. १९४५ साली अणुबाँबनंतर नागासाकीत त्यांनी एका केंद्रापासून चहूबाजूंना आडवी झालेली झाडे पाहिली होती. १९७४ साली अमेरिकेत वादळानंतर रानात तशीच नक्षी त्यांना विमानातून दिसली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला विमान उतरताना कोसळून ११३ माणसे दगावली. त्या अपघाताचा अभ्यास करून त्यांनी हा सिद्धांत मांडला. अनेक तज्ज्ञांचा त्यावर विश्वास बसला नाही. फुजितांनी मोजमापे घेऊन तो सिद्ध केला. तरीही विमानात धोक्याची सूचना देणारी यंत्रे सक्तीची झाली ती डॅलसच्या अपघातानंतरच. विमानतळांवर खास रडार बसले, वैमानिकांना नवे शिक्षण मिळाले आणि तेथे असे अपघात फारच विरळ झाले.

'पुढचा सुखरूप गेला, म्हणजे वाट सुखरूप आहे,' असे आपण किती सहज धरून चालतो! पण ही कोसळणारी हवा काही मिनिटांचीच असते. पुढच्याला चुकवून ती मागच्याला गाठू शकते.

आमच्या घरची वडीलधारी माणसे गार वारा लागताच आभाळाकडे पाहतात आणि हातातले काम टाकून आडोसा गाठतात. त्यांनी विमान कधी जवळून पाहिलेले नाही. पण वाट पाहून थांबण्याचे शहाणपण त्यांच्यापाशी आहे. वादळ पुढे असताना धावपट्टी सोडून आकाशात घिरट्या घालणारा वैमानिक तेच शहाणपण दाखवीत असतो.