तुमची वाटी केवढी?

मंडळी, येताना घरातली रोजची आमटीची वाटी घेऊन या, असं आम्ही निरोपात कळवलं होतं. बऱ्याच जणांनी आणली, त्याबद्दल आभार. काहींना वाटलं असेल, व्याख्यानानंतर आमटी मिळणार. तसं काही नाही!

तुम्ही बसत होतात तेवढ्यात आम्ही या वाट्या काठोकाठ पाण्यानं भरून मोजपात्रात ओतून पाहिल्या. सगळ्यात लहान वाटीत ८० मिलिलिटर पाणी मावलं, सगळ्यात मोठीत २६०. आणि दोन्ही घरांत तिला म्हणतात वाटीच. आता डॉक्टरांनी सांगितलं, 'रोज दोन वाट्या वरण खात जा'. एका घरी ते १६० मिलि झालं, दुसऱ्या घरी ५२०. सल्ला एकच, पथ्य दोघांनीही पाळलं, पण पोटात गेलं तिपटीहून जास्त वेगळं.

डोळ्यालाही हे कळत नाही. एका वाटीचं तोंड ८ सेंटिमीटर आणि दुसरीचं १० असेल, तर ती आपल्याला 'जराशी मोठी' दिसते. पण उंची आणि खोलीही त्याच प्रमाणात वाढलेली असेल, तर तिच्यात जवळजवळ दुप्पट मावतं. सव्वा गुणिले सव्वा गुणिले सव्वा करून बघा, १.९५ येतात.

आपल्या आज्यांकडे मापाची भाषा जास्त पक्की होती. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शेर गावोगावी वेगळा असायचा हे खरं, पण एका गावात तरी चिपटं म्हणजे किती यावर वाद नव्हता. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, किलो-लिटर आले. दुकानातल्या मापावर सरकारी शिक्का आला. स्वयंपाकघरातली वाटी मात्र तेव्हाही कुणी मोजली नाही आणि आजही कुणी मोजत नाही.

आहाराचा तक्ता लिहून देणारे बहुधा १५० मिलिची वाटी मनात धरतात. तीसुद्धा काठोकाठ नव्हे. वाढताना बोटभर जागा सोडली की १२०-१३० मिलिच भरते. म्हणून तक्ता हातात पडला की पहिला प्रश्न हा विचारा, 'तुमची वाटी केवढ्याची?'

आता वाटीत आहे काय, ते बघू. लातूर म्हणजे तुरीची बाजारपेठ. शेजारच्या मुलखात, जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्रानं तुरीचे वाण काढले, ते आपल्यातले कित्येक जण पेरतात. एवढी तूर पिकवणाऱ्या भागात ताटात डाळ किती पडते? आहारशास्त्रात डाळीचा एक वाटा ३० ग्रॅमचा धरतात, कच्च्या डाळीचा. त्यातून साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. १५० मिलिच्या वाटीत कच्ची तूरडाळ अंदाजे १२० ग्रॅम बसते, म्हणजे चार माणसांना वाटीभर डाळ. त्याच डाळीची आमटी पाणी घालून आठ जणांना पुरवली, तर प्रत्येकाच्या वाटीत १५ ग्रॅम डाळ उरली. वाटी भरलेलीच दिसते, वरून तर्री छान असते, येसर घातलेलं असलं तर वासही घरभर. पण प्रथिनं निम्मी झाली. आणि पुरवून पुरवून वाढणारी जी बाई शेवटी जेवते, तिच्या वाट्याला पातेल्याच्या वरचं पाणी आलं की तळाची डाळ, हे तिचं तिलाच ठाऊक.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये सांगितलेल्या २००० कॅलरींच्या आहारात डाळी, कडधान्यं, अंडी, मांस हे सगळं मिळून दिवसाला ८५ ग्रॅम आहे. म्हणजे न मांसाहार करणाऱ्याला जवळपास तीन वाटे डाळ, तीही घट्ट. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे आणि सहावी ते आठवीला ३०. मापाचं हे शहाणपण बघा, कच्च्या डाळीचं वजन लिहिलंय, वाटी लिहिलेली नाही. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत मात्र तयार वरणाचं वजन ठरवलं होतं, १०० ग्रॅम. त्यात डाळ किती आणि पाणी किती, ते शिजवणाऱ्याच्या हातावर.

इथवरचं झालं कमी पडण्याचं. जास्त होण्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. आमच्या ओळखीतले एक काका, मूत्रपिंडाचा आजार, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्यांना दिवसाला लिटरभरच पाणी सांगितलेलं. काका शिस्तीचे. बाटली भरून ठेवायचे, तेवढीच प्यायचे. तरी पाय सुजायचे, रात्री दम लागायचा, आणि घरचे म्हणायचे, हे चोरून पाणी पितात. आम्ही जेवताना शेजारी बसलो तेव्हा उलगडा झाला. भाकरी कुस्करून त्यावर आमटी, दुपारी दोन वाट्या, रात्री एक. वाटी मोजली, २४० मिलिची निघाली. तीन वाट्या म्हणजे ७२० मिलि, आणि पातळ आमटीत बहुतेक पाणीच असतं. ते कुणी पाण्यात धरलंच नव्हतं. कारण आपल्याकडे आमटी 'खातात'. चहा, ताक, कढी, सार, आंबील, सूप, सगळं त्या लिटरातच मोजावं लागतं. घरात असा पेशंट असेल तर आज रात्रीच वाटी मोजा, आणि डाळ किती चालेल हेही डॉक्टरांना विचारा, तिच्यात पोटॅशियम असतं.

सुपाचा विषय निघालाच आहे. नांदेड असो की लातूर, हॉटेलात बसल्यावर आपण पहिली ऑर्डर देतो, 'सूप, वन बाय टू'. वेटर एकाचं दोन बाऊलमध्ये करून आणतो. हे फार बरोबर आहे बरं का. अमेरिकेत लेबलासाठी सुपाचा एक वाटा २४५ ग्रॅमचा धरतात. आपल्या अर्ध्या बाऊलमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास येतं. पसरट बाऊल असल्यानं भरल्यासारखं वाटतं, भूक राहते आणि मीठही निम्मंच जातं.

मघाशी एका ताईंनी विचारलं, येळवशीला शेतात आंबील पितो, तिचं काय? ताई, वेळ अमावस्येला वाटी शोधायला जाऊ नका. मडक्यातून तांब्यात, तांब्यातून ओंजळीत. गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्येही तसंच, बादलीतून डाळ पडत राहते, पुरे म्हणाल तेव्हा थांबते. सणाच्या दिवशी मोजणारा माणूस कुणाला आवडत नाही. रोजच्या वाटीचं मात्र मोजा.

मोजपात्र नसलं तरी चालतं. अर्धा लिटर दुधाची पिशवी फोडा आणि वाट्या भरत जा. साडेतीन वाट्या भरल्या, तर तुमची वाटी १४० मिलिच्या आसपास. दोनच भरल्या, तर २५० ची. दूध परत पातेल्यात, वाया काही जात नाही.

आता या वाट्या परत न्यायला रांगेनं या. जवळजवळ प्रत्येकीच्या बुडाला नाव घातलेलं आहे, कुणाच्या लग्नातली, कुणाच्या वास्तूची, कुठल्या साली दिलेली. किती मावतं तेवढंच नाही. आम्ही कागदाच्या चिठ्ठीवर आकडा लिहून आत ठेवलाय. भांड्याच्या दुकानात नाव घालणारा तो आकडाही कोरून देईल. एक स्टीलची, बिनझाकणाची वाटी मात्र कुणाची आहे ते कळेना, तिच्यावर नावच नाही. १५० मिलिची आहे, अगदी बरोबर मापाची. ज्यांची असेल त्यांनी हात वर करा.