पश्चिमेची काच आणि चुन्याची भिंत

नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, सावेडीत काय किंवा संगमनेर-श्रीरामपूरच्या बाजारपेठेत काय, नव्या व्यापारी इमारतीचे तोंड काचेने मढवण्याची चाल पडली आहे. काच जास्त तर उजेड जास्त, असा साधा हिशेब. पण पश्चिमेकडे तोंड असलेल्या अशा इमारतीत दुपारी तीननंतर पडदे ओढून ट्यूब लावाव्या लागतात आणि एसीला उसंत मिळत नाही. उजेड हा बांधकामाचाच भाग आहे, दगड-सिमेंटइतकाच. तरी नकाशात त्याला जागा नसते आणि शेवटी तो वायरमनच्या गळ्यात पडतो.

उन्हातल्या ऊर्जेपैकी डोळ्यांना दिसणारा भाग निम्म्याहून कमी असतो. उरलेल्यातला बहुतेक भाग अवरक्त, आपल्या दृष्टीने निव्वळ उष्णता. साध्या काचेतून दोन्ही आत येतात. फरशी तापते आणि तिच्यातून निघणारी लांब तरंगांची उष्णता मात्र काच सरळ बाहेर जाऊ देत नाही. यावर पदार्थविज्ञानाने उत्तर काढले आहे. काचेवर सुमारे 10 नॅनोमीटर जाडीचा चांदीचा थर देतात. चांदीतले मोकळे इलेक्ट्रॉन अवरक्त लहरी परतवतात. थर अतिशय पातळ आणि दोन्ही बाजूंना परावर्तन कमी करणारे ऑक्साइडचे थर असल्याने दिसणारा प्रकाश बराचसा पार होतो. हा थर हवेत टिकत नाही, म्हणून तो दोन काचांच्या मध्ये बंद करावा लागतो.

मग अशी काच बसवली की झाले, असे कोणी म्हणेल. उष्णतेपुरते ते खरे आहे. पण भर उन्हाचा प्रकाश एक लाख लक्सपर्यंत जातो आणि टेबलावर लिहा-वाचायला 300 ते 500 लक्स पुरतात. काचेने निम्मा प्रकाश अडवला तरी थेट ऊन पडलेल्या टेबलावर गरजेच्या कितीतरी पट उरतो. माणूस पडदा ओढतो तो या झळाळीमुळे, आणि पडदा ओढला की महागड्या काचेतून मिळणारा उजेडही गेला.

थेट ऊन अडवून आकाशाचा पसरलेला उजेड आत घेणे, हे काम काचेपेक्षा भूमितीचे आहे. नगर 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी इथे माध्यान्हीचा सूर्य सुमारे 71 अंशांवर असतो, तेव्हा दक्षिणेच्या चार फुटी खिडकीला दीड फुटाचा छज्जा पूर्ण सावली देतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. पश्चिमेला हे गणित कोलमडते: कलता सूर्य छज्ज्याखालून सरळ आत शिरतो. तिथे उभ्या पट्ट्या किंवा जाळी हवी, नाहीतर जिना आणि स्वच्छतागृहे त्या अंगाला ढकलावीत.

आत आलेला उजेड किती टिकतो, हे भिंती ठरवतात, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हाच. खोलीतले पृष्ठभाग सरासरी निम्मा प्रकाश परतवत असतील तर पुन्हापुन्हा परावर्तन होऊन प्रकाश ढोबळमानाने दुप्पट होतो. 80 टक्के परतवत असतील तर पाचपट. पांढरा चुना या 80 टक्क्यांच्या आसपास असतो, काळा पाषाण त्याच्या पासंगालाही पुरत नाही. निजामशाहीत 1583 साली पूर्ण झालेल्या नगरच्या अष्टकोनी फराहबागेच्या दगडी बांधकामावर चुन्याचा गिलावा आहे. तलावाच्या मधोमध बांधलेल्या या महालाला पाण्यानेही उजेड दिला असेल असे सहज वाटते. पण डोक्यावरच्या सूर्याचा जेमतेम दोन टक्के प्रकाश पाणी परतवते. दिवसभराचे काम चुन्यानेच केले असणार. आज भिंतींना गडद लॅमिनेट लावून वर जादा दिवे बसवण्याची पद्धत या दृष्टीने उफराटीच.

जुनी माळवदाची घरे अंधारी होती, हा आक्षेप रास्त आहे. जाड भिंती आणि लहान झरोके उन्हाळ्यासाठी होते, वाचनासाठी नव्हे. त्यांची नक्कल करण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: एलईडी एका वॅटला शंभराच्या घरात ल्युमेन देतो, मग एवढी यातायात कशाला? पण आकाशाचा पसरलेला उजेडही एका वॅट उष्णतेमागे शंभरावर ल्युमेन देतो, आणि तो फुकट असतो. शिवाय खरा पैसा दिव्यांच्या बिलात जात नाही, तो एसीत जातो.

2017 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने भिंतीत काचेचे प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. पण ती संहिता 100 किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभाराच्या व्यापारी इमारतींसाठी आहे. तालुक्याच्या गावातले दुकान, दवाखाना, शिकवणीवर्ग बहुधा तिच्या कक्षेबाहेरच राहतात. तिथे पश्चिमेला किती फूट काच घालायची, हे नकाशावर सही करणारा इंजिनिअरच ठरवू शकतो. इमारत उभी राहिल्यावर फार तर काळी फिल्म चिकटवणाऱ्याला बोलावता येते.